साहेबांच्या मापाचा गॉगल

“वहिनी, यांना डोळ्यांवर काहीतरी घालायला लावा. माझं ऐकत नाहीत.”

मिस्त्रींची बायको सोमवारी डबा द्यायला आली होती, तेव्हा जिन्यातच हळू आवाजात म्हणाली होती. वहिनींनी “लावते” म्हटलं होतं. तो शब्द आता चार दिवस त्यांना टोचत होता. न्हाणीघरात फरशी कापायचं मशीन सुरू होतं आणि मिस्त्रींचे डोळे उघडेच होते.

घरात गॉगल नव्हता असं नाही. घरात गॉगलशिवाय दुसरा विषयच नव्हता. जुन्या फरश्या काढून नव्या बसवायचं ठरल्यापासून साहेबांनी, म्हणजे वहिनींच्या निवृत्त यजमानांनी, तीन आठवडे सेफ्टी गॉगलचा अभ्यास केला होता. फ्रिजवर तक्ता चिकटवला होता. गॉगल कडेने झाकणारा हवा, वाफ न धरणारा हवा, नाकाला रुतता कामा नये आणि हातोडी मारली तरी काच तडकता कामा नये. शेवटच्या अटीची खात्री त्यांना दुकानातच करून घ्यायची होती. दुकानदाराने हातोडी उचलून काउंटरखाली ठेवली.

“काम कोण करणार?” त्याने विचारलं.

“मिस्त्री.”

“मग गॉगल कुणाला?”

“मला. देखरेख मी करणार आहे.”

दुकानदाराने पावती फाडली.

शब्द दिला त्याच संध्याकाळी वहिनींनी विषय काढला होता. “मिस्त्रींनाही एक आणू या का?”

“आणू की,” साहेब म्हणाले. “पण त्यांच्या डोक्याचं माप वेगळं. चुकीचा आणला तर नसल्यापेक्षा वाईट. त्यांच्यासाठी स्वतंत्र अभ्यास करावा लागेल.”

“काम शनिवारी संपतंय.”

“म्हणूनच म्हणतो, घाई नको.”

मिस्त्रींना विचारलं तर ते नुसते हसले. “आम्हाला सवय आहे, वहिनी.”

आणि सवय खरंच होती. न्हाणीघरात मिस्त्री उकिडवे बसायचे, पेन्सिलीची रेघ डोळ्यांजवळ नेऊन पाहायचे आणि पातं फरशीला टेकलं रे टेकलं की मान डावीकडे वळवायचे. कापून होईपर्यंत तशीच ठेवायचे. तरी काप सुतासारखा सरळ यायचा. साहेबांना याचं फार कौतुक होतं. “याला म्हणतात हाताचा अंदाज,” ते म्हणायचे. “बघायची गरजच नाही.”

आज गुरुवार. पात्यापासून दोन हातांवर वहिनी मगने फरशीवर पाणी सोडत होत्या. पाच पावलं मागे, दाराच्या चौकटीत, गॉगल लावून साहेब उभे होते. मशीन किंचाळलं. काहीतरी उडालं. दारात टक्क असा आवाज झाला.

साहेबांनी गॉगल काढून उजेडात धरला. काचेवर बारीकसा ओरखडा होता. त्यांचा चेहरा उजळला. “पाहिलंस? इथे डोळा असता माझा.” आणि ते लगबगीने बाहेरच्या खोलीत गेले. ही बातमी निवृत्तांच्या ग्रुपवर गेल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

मिस्त्रींनी मशीन बंद केलं. ते गालावरून बोट फिरवत होते. डाव्या डोळ्याच्या खाली, अगदी पापणीला लागून, रक्ताचा एक थेंब आला होता.

वहिनी पुढे वाकल्या. “केसभर वर लागलं असतं म्हणजे?”

“चूक माझीच. मान वळवायला उशीर झाला.” मिस्त्रींनी सदऱ्याच्या बाहीने थेंब टिपला. “उजवा वेळेवर पुढे आला असता, तर काही झालं नसतं.”

“उजवाच का?”

“तो गेलेलाच आहे ना, वहिनी. सहा वर्षं झाली. असाच तुकडा उडाला होता. आता रेघ डाव्याने बघायची आणि पातं फिरलं की उजवा आड धरायचा.” ते समजुतीने हसले. “आमचा गॉगल हाच.”

आणि त्यांनी पुढची फरशी ओढली.

वहिनींनी मग खाली ठेवला. भिंतीतला मशीनचा प्लग काढला आणि तशाच बाहेरच्या खोलीत आल्या. साहेब मोबाइल तोंडाजवळ धरून बोलत होते, “मित्रांनो, डोळ्यांच्या बाबतीत तडजोड करू नका. आपल्याला दोनच असतात.” गॉगल समोर मऊ फडक्यावर ठेवला होता.

वहिनींनी तो उचलला.

“अगं, कुठे नेतेस तो?” साहेबांनी मोबाइल बाजूला घेतला. “माझ्या मापाचा आहे. त्यांना बसायचा नाही.”

न्हाणीघराकडे चालता चालता वहिनींनी गॉगलचा मागचा पट्टा थोडा सैल केला.