पर्पेच्युआच्या हातची

"पापा, थुंकायचं नाही हां, हा मम्मीचा टेबलक्लॉथ आहे," मेलनी म्हणाली आणि तिने मार्कससमोर चार ग्लास ओळीने ठेवले.

चारही ग्लासांत पांढरी वाइन होती. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवल्या होत्या. कुठल्या नंबरात काय आहे ते फक्त सुनेला, जॅकलिनला, माहीत होतं. तीन बाटल्या अंधेरीच्या दुकानातल्या, पाचशेच्या आतल्या. एक मार्कसच्या बायकोच्या, पर्पेच्युआच्या हातची. पर्पेच्युआला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या वाइनची ही शेवटची बाटली मेलनीने बोरिवलीला आपल्या कपाटात साड्यांमागे जपून ठेवली होती.

पैज मार्कसनेच लावली होती. महिन्याभरात दोनदा त्याच्याकडून गॅस चालू राहिला, तेव्हा मुलांनी सिस्टरांच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म आणला. मुलाचा, ॲश्टनचा, मुलुंडचा फ्लॅट लहान होता, मेलनीकडे सासू होती. प्रेम भरपूर होतं, अडचण फक्त जागेची होती. मार्कसचं स्वतःचं घर गावठाणात, चार खोल्यांचं, पण तिथे त्याच्याबरोबर राहायला कोणी तयार नव्हतं.

मार्कस म्हणाला, गॅस कोणीही विसरतं. डोकं शाबूत आहे की नाही ते जिभेवरून तपासा. चारातून तुमच्या मम्मीची ओळखली तर फॉर्म फाडायचा. चुकलो तर मुकाट्याने सही करतो.

जिभेवर त्याचा भरवसा होता. आरेच्या डेअरीत बत्तीस वर्षं त्याने दुधाचे कॅन चाखून घेतले होते. थेंबभर पाणी, चिमूटभर सोडा, काहीही असो, मार्कसने मान हलवली की कॅन परत जायचा. त्याला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं तो ज्याला त्याला सांगत असे.

एक नंबरचा घोट घेऊन तो म्हणाला, ही केमिस्टकडे ठेवायला पाहिजे. चार नंबर मुद्दाम आधी घेतला आणि म्हणाला, हिच्या मालकाने द्राक्षं फक्त फोटोत बघितलीत. ॲश्टनलाही हसू आलं.

दोन नंबरला त्याने डोळे मिटले.

मग त्याचं पर्पेच्युआबद्दल बोलणं सुरू झालं. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता घरची वाइन संपली. पण तिने सोडली नाही. एवढंच की नंतर ती कोठीच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायची. नजर लागली तर वाइन बिघडते, म्हणायची. मार्कसलासुद्धा आत प्रवेश नव्हता. तो बाहेर ओट्यावर बसून राखण करायचा. दर बुधवारी ती रिक्षा करून चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायची आणि मोठी पिशवी सांभाळत यायची. मेणबत्त्या असतात, म्हणायची, हात लावू नको, मोडतील.

"गुडघे गेले आणि हात सुधारला तिचा," मार्कस म्हणाला. "आधीची आंबट असायची. तोंडावर कधी बोललो नाही."

मग त्याने तीन नंबर उचलला. घोट घेतला आणि थांबला. परत दोन घेतला. परत तीन. कपाळाला आठी पडली.

"बोल पापा," ॲश्टन म्हणाला.

"दोन. आणि तीन."

"एकच सांगायची आहे ना."

"एकच आहे. दोन्ही पर्पेच्युआच्या."

मेलनीने खाली बघितलं. परत एकदा घे, घाई नाही, असं तिने दोनदा सुचवलं. मार्कस म्हणाला, एकदा मान हलवली की मी बदलत नाही.

जॅकलिनने दोन्ही बाटल्या आणून कागद सोडले. दोन नंबरवर पर्पेच्युआच्या अक्षरातली चिठ्ठी होती. तीन नंबरवर छापील लेबल होतं, त्यावर हिरवा पोपट, खाली किंमत, चारशे चाळीस.

मार्कस त्या पोपटाकडे बराच वेळ बघत राहिला. पोपटही त्याच्याकडे बघत होता.

"चारशे चाळीसवाली आणि तिची मला एकच लागली," तो म्हणाला. "भेसळ कळत नाही म्हणजे झालंच. पेन दे रे."

सही त्याने अगदी सरळ ओळीत केली. ग्लासांत उरलेलं ॲश्टनने बेसिनमध्ये ओतलं.

पुढच्या महिन्यात मार्कस आश्रमात गेला. तिथल्या सिस्टर सांगत, बाबा शांत आहेत, फक्त जेवणाला चव आहे की नाही ते विचारलं की म्हणतात, दुसऱ्या कोणाला विचारा.

घर भाड्याने द्यायचं ठरलं. एका रविवारी ॲश्टनने भंगारवाल्याला बोलावून कोठीची खोली उघडली. मम्मीच्या बरण्या मेलनीला हव्या होत्या, ती अकराला येणार होती. बरण्या हलवल्या तर आत कोळ्यांची जाळी. मागे भिंतीला लागून पाच गोण्या होत्या, तोंडं सुतळीने घट्ट बांधलेली.

ॲश्टनने एक सोडली, आत बघितलं आणि परत बांधली. दुसरी सोडली. तिसरी सोडलीच नाही. तो घड्याळाकडे बघून भंगारवाल्याला म्हणाला, सगळ्या अशाच उचल आणि अकराच्या आत नीघ.

भंगारवाला म्हणाला, बंद गोणी आपण घेत नाही, आणि तो एकेक रिकामी बाटली काढून मार्कसच्या ओट्यावर ओळीने मांडू लागला. प्रत्येकीवर हिरवा पोपट होता.