दोन गठ्ठे, एक प्रोग्रॅम

सरनोबत सरांनी भोकं पाडून प्रोग्रॅम उतरवलेल्या पंच कार्डांचे दोन गठ्ठे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. समोर ख्वाजा आणि जोतीराम उभे होते. बसा म्हणायची सरांना सवय नव्हती.

"पगारपत्रकाचा प्रोग्रॅम," सर म्हणाले. "दोघांचाही चालला, उत्तरंही बरोबर आली. पण दोघांतही एक ओळ अशी आहे, जिचं काडीचं काम नाही. तीच ओळ, त्याच जागी. एवढा योगायोग मला पचत नाही."

पचण्यासारखा नव्हताच.

विद्यापीठाच्या फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेच्या कोर्सला सरांचे नियम म्हणजे दगडावरची रेघ. गठ्ठ्याला रबर लावायचं. वरच्या कार्डावर नाव टाकायचं. कार्डं सांडली तर पुन्हा क्रमानं लावता यावीत म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर तिरपी रेघ ओढायची. पाचच्या आत गठ्ठा कॉम्प्युटर सेंटरच्या खिडकीत स्वतःच्या हातानं द्यायचा; पाचनंतर देव आला तरी खिडकी उघडत नसे. आणि प्रोग्रॅम ज्याचा त्यानंच लिहायचा.

हा शेवटचा नियम मोडला, की सर दोघांपैकी एकाला कोर्समधून काढत आणि दुसऱ्याला त्या प्रोग्रॅमपुरतं शून्य देत. जाणारा तो नक्कल करणाराच, असं सगळे धरून चालत. मागल्या वर्षी सयाजी असाच गेला. वर्गात पहिला येणारा पोरगा. त्याला नक्कल करायची काय अवदसा आठवली, कुणाला कळलं नाही. त्याच्या जोडीदाराला विचारलं, तर तो खाली मान घालून निघून जाई.

"बाहेर जाऊन बोला," सर म्हणाले. "मग येऊन मला खरं सांगा. कुणी लिहिला आणि कुणी घेतला."

बाहेर व्हरांड्यात दोघं कठड्याशी थांबले. आठवडाभर जोतीराम दवाखान्यात आईच्या उशाशी बसून होता. आईला तो आक्का म्हणे. आक्काला गारगोटीहून आणलं तेव्हा तिला धड श्वासही घेता येत नव्हता. प्रोग्रॅमचं नाव काढायलाही त्याला सवड नव्हती. ख्वाजानं न मागता आपले कागद त्याच्या हातात कोंबले होते.

"मी सांगतो सरास्नी," जोतीराम म्हणाला. "मी घेतला म्हनून सांगतो. तुझा काय गुन्हा हाय?"

"खुळा हायस काय? मग शिरोलीचं काय करशील?"

शिरोलीच्या एका कारखान्यात जोतीरामचे वडील भट्टीवर काम करता करता गेले होते. तिथं आता कॉम्प्युटर येणार होता. पोरगा हा कोर्स पास झाला तर जागा त्याची, असा मालकानं शब्द दिला होता. आक्काचं सगळं औषधपाणी त्या एका शब्दावर उभं होतं.

"माझं काय अडतंय?" ख्वाजा म्हणाला. "मुरगूडला अब्बाचं कापडाचं दुकान हाय. जाऊन गज धरतो हातात."

"पर लिवलास तू न्हवं?"

"ते तुला ठावं, मला ठावं. सरास्नी काढायला एक मानूस पायजे. मी जातो की."

जोतीरामला रडू फुटलं. ख्वाजानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ख्वाजाचा त्या कॉम्प्युटरवर जीव होता. आयुष्यभर कापड फाडायचं, या विचारानंच त्याला नको नको झालं. तरी तो आधी आत गेला, मागोमाग जोतीराम.

"सर, जोतीरामनं लिहिला. मी त्याच्याकडून घेतला."

सरांनी जोतीरामकडे बोट केलं. "तू? याच्याकडून?"

"व्हय सर."

"ख्वाजा, नीट विचार कर. तू सांगशील तेच मी धरणार. पुन्हा बदलू देणार नाही."

"विचार केलाय सर."

जोतीरामनं तोंड उघडलं. ख्वाजानं त्याचं मनगट घट्ट दाबलं.

"जोतीराम, हे खरं आहे?"

जोतीरामला स्वतःची शरम वाटली. पण डोळ्यांपुढं आक्का होती.

"व्हय सर," तो म्हणाला.

ख्वाजाला हायसं वाटलं. जड झालं होतं ते एकदाचं उरकलं. सरांनी मात्र उसासा टाकला, हजेरीपट ओढून घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"घेणारा अडलेला असतो, म्हणून त्याला मी शून्यावर सोडतो," ते म्हणाले. "देणारा अडलेला नसतो. तो आज एकाला देतो, उद्या दहा जणांना देतो आणि सगळा वर्ग नासवतो. ख्वाजा, तुला शून्य. जोतीराम, तू उद्यापासून येऊ नकोस."