भाल्याची चव

“हात नको लावू!” सिरोंकाने गुडघा पोटाशी ओढून घेतला. रक्ताचा ओघळ पोटरीवरून मातीत उतरत होता.

सिमालोई पाण्याचं भांडं घेऊन तशीच उकिडवी बसून राहिली. मसाईंच्या वस्तीवरल्या बालवाडीत बाई म्हणून तिचा हा तिसरा दिवस. एकाही मुलाने अजून तिचं बोट धरलं नव्हतं.

“का रे?”

“तू लोहारांची. लोहारांचं रक्त काळं असतं. आजी म्हणते, ते आम्हाला बाधतं.”

“बाळाचंपण काळं?” सिमालोईच्या पाठीवर बांधलेल्या तान्हीकडे बघत चिमुकल्या नामुन्याकने विचारलं.

स्वतःबद्दल सिमालोई हे लहानपणापासून ऐकत आली होती. लेकीबद्दल पहिल्यांदाच ऐकलं.

तिने कुंपणाचा काटा मोडला आणि आपल्याच बोटात खुपसला. वीसेक डोकी एकमेकांवर आपटत पुढे आली.

“लाल आहे!”

“मग आजी खोटं बोलते?” सिरोंका फुरंगटला.

“आजीने कधी टोचून पाहिलं नसेल. बरं, रक्त लाल का असतं, सांगा बघू.” सगळी आपापली बोटं निरखू लागली. “त्यात लोखंड असतं म्हणून. इतकं बारीक, की दिसत नाही. श्वास घेतला की ते हवेला धरतं आणि लालेलाल होतं. मग ती हवा घेऊन पळत सुटतं, पायांत, पोटात, डोक्यात. ते नसतं, तर तुम्हाला साधी शेळी हाकता आली नसती.”

“बैलाच्या रक्तातपण?”

“हो तर. दुधात घालून पिता ना, त्यातपण.”

“लोखंड पितो आम्ही? मग दात कसे पडत नाहीत?”

सगळी खिदळली. सिरोंका हसला नाही. त्याने गुडघ्यावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले.

“आजोबांच्या भाल्यासारखं लागतंय,” तो पुटपुटला. मग ओरडलाच, “भाल्याची चव! मी चाटलाय भाला!”

“आणि भाला कुणी घडवला रे?”

“लोहाराने.” त्याने पाय लांब केला. “धुवा, बाई.”

दुपारी त्याची आजी न्यायला आली. लोहाराच्या हातात हात द्यायचा, तर आधी तळव्याला चरबी चोळायची, म्हणजे विटाळ आत शिरत नाही. म्हातारीने ही रीत जन्मात मोडली नव्हती. तिने कमरेची डबी काढली.

“राहू दे गं आजी,” सिरोंका म्हणाला, “लोखंड तुझ्या आतच आहे. तिथे कशी चोळणार?”

नामुन्याक फिस्सकन हसली. म्हातारीने नातवाच्या गुडघ्यावरची पट्टी पाहिली, वीस जोडी डोळे पाहिले. डबीचं झाकण लावलं. मग कोरडाच तळवा तान्हीच्या टाळूवर टेकवला.

“डोकं जड आहे गं,” ती म्हणाली. “हिच्यात जरा जास्तच दिसतंय.”