बायकांची बाल्कनी

“पार्किंग करा की! गाड्या लावायला जागा न्हाय, आणि ह्यांना म्हणं पिच्चर पायजे!” भांड्यांचे व्यापारी केरबा बोलले आणि चंद्रिका टॉकीजच्या रिकाम्या सभागृहात त्यांचा आवाज दोनदा घुमला.

कित्येक वर्षे बंद पडलेल्या या वास्तूचे पुढे काय करायचे, हे ठरविण्यासाठी महानगरपालिकेने सुनावणी बोलावली होती, आणि तीही वास्तूतच. पडदा केव्हाच गेला होता. त्याची लाकडी चौकट तेवढी भिंतीवर उरली होती. तिच्याखाली टेबल मांडून पालिकेच्या अभियंता संयोगिता बसल्या होत्या. एका बाजूला वाहनतळ मागणारे व्यापारी. दुसऱ्या बाजूला चित्रपट संग्रहालय मागणारे आकाराम, तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले अध्यापक.

आकारामांनी तयारी पक्की केली होती. इमारतीची एकेक तुळई त्यांनी हातोडीने वाजवून पाहिली होती. वरची बायकांची बाल्कनी आजही भार पेलेल, हे त्यांनी आकडेमोडीने सिद्ध केले होते. पण ते बोलायला उभे राहिले आणि आकडेमोड बाजूला पडली. टांग्यातून फिरणारी नव्या चित्रपटाची जाहिरात त्यांना आठवली. पिटातल्या शिट्ट्या आठवल्या. मध्यंतरातल्या भडंगाच्या पुड्या आठवल्या. बायकांचा स्वतंत्र जिना आठवला. त्या जिन्याला दुपारी गजऱ्यांचा वास यायचा. पत्ता सांगताना आपण अजूनही ‘चंद्रिकाजवळ’ असेच म्हणतो, असे ते म्हणाले तेव्हा व्यापाऱ्यांच्या बाजूच्याही काही माना हलल्या.

मग त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या आईकडे हात केला. धोंडुबाईंना घरात सगळे अक्का म्हणत. त्यांच्या घरी म्हशी होत्या. पहाटे धारा काढायच्या, म्हशी दूधकट्ट्यावर न्यायच्या, तिथे गिऱ्हाइकासमोर धार काढून पेला भरून द्यायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळेत शेण, वैरण, स्वयंपाक. फक्त शुक्रवारी दुपारच्या खेळाला सासूबाई त्यांना सोडत. अट एकच होती. रात्री साऱ्या घराला गोष्ट सांगायची.

“त्यातली एक गोष्ट मी आयुष्यभर विसरलो नाही,” आकाराम म्हणाले. “एक राणी दमून झोपी जाते. राजा दवंडी पिटवतो, आवाज करू नका. नगाऱ्यांवर घोंगडी टाकतात. हत्तींच्या गळ्यातल्या घंटा काढतात. राजा स्वतः जोडे हातात घेऊन अनवाणी फिरतो. हा चित्रपट मी पुण्यात शोधला, मुंबईत शोधला, जुन्या वितरकांच्या घरी जाऊन विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. तो हरवलेला चित्रपट आहे, आणि तो इथं पाहिलेली साक्षीदार तुमच्यासमोर बसली आहे.”

संयोगितांनी पेन खाली ठेवले. “सर, नुसत्या आठवणी वारसा समितीपुढे टिकणार नाहीत. पण या चित्रपटाचं नाव मिळालं तर मी संग्रहालयासाठी भांडेन. नाही मिळालं, तर वाहनतळ.”

आकाराम आईजवळ वाकले. “अक्का, नाव आठव. नट, नटी, काहीतरी.”

“नाव कुठलं सांगू, बाळा? तसला पिच्चरच न्हवता.”

“म्हणजे?”

“मी हितं झोपायला येत हुतो,” अक्का म्हणाल्या. “दिवं गेलं की डोळा लागायचा. खेळ सुटताना दारावरची विठाबाई हालवून उठवायची आणि जिना उतरता उतरता गोष्ट सांगायची. तीच मी घरात वाढवून सांगत हुतो. एका शुक्रवारी विठाबाई आलीच न्हाय. घरात तुम्ही समदी वाट बघत बसल्याली. मग मनात हुतं ते सांगितलं.”

आकाराम सरळ उभे राहिले. त्यांच्या हातातला इमारतीचा नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

“झालं की मग!” केरबांनी मांडीवर थाप मारली. “पार्किंगच!”

“गाड्यांना सावली पायजे, व्हय रं केरबा?” अक्का त्यांच्याकडे वळल्या. “कुरुंदवाडच्या भाजी-माळवं इकणाऱ्या बाया दुपारी तुझ्या पायरीला पाठ टेकत्यात, तर पाणी मारून उठवतोस. त्या बी पहाटं तीनला उठून आल्याल्या असत्यात. त्यास्नी हितं पडायला जागा करा. अट एकच. आत कुणी हाक मारायची न्हाय.”

अक्कांनी काठी उचलली. “आकाराम, माझी जागा दाव चल.”

बायकांच्या जिन्याने दोघे वर गेले. शेवटची रांग, भिंतीकडची खुर्ची. अक्कांनी पदराने धूळ झटकली, पाठ टेकली, दोन्ही पाय वर घेतले. आकाराम काही विचारणार होते; पण अक्कांचे डोळे मिटले होते.

खाली वाद पुन्हा पेटला. केरबांचा आवाज चढला, त्यावर दुसऱ्याचा चढला. त्या गलक्यातून संयोगितांनी वर पाहून विचारले, “सर, संग्रहालयाचा प्रस्ताव कायम ठेवू का?”

आकाराम कठड्याकडे निघाले. पहिल्याच पावलाला चपला करकरल्या. ते थांबले. वाकून त्यांनी त्या काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी कठड्यापाशी आले.

“अक्का म्हणाली तेच लिहा,” ते म्हणाले. “आणि आवाज करू नका.”