प्रागच्या चौकात

ओतूरचे सोपानराव प्रागच्या चौकात वेड्यासारखे फिरत होते. बायको गर्दीत दिसेनाशी होऊन तास झाला होता. तिचा फोन, पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या, सगळं त्यांच्याच खांद्यावरच्या पिशवीत होतं, आणि तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं. चार देशांच्या राजधान्या दाखवायला निघालेली बस आता बर्लिनसाठी खोळंबली होती.

"काका, अजून पंधरा मिनिटं थांबू," टूरवाली मुलगी म्हणाली. "मग तुम्हाला पोलिसांकडे सोपवून मला बाकीच्यांना न्यावंच लागेल."

"अगं ए, कुठं हाईस?" सोपानरावांनी हाक दिली. त्यांच्याच बसमधल्या चार बायकांनी वळून पाहिलं.

"काका, नावानं हाक मारा ना."

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ते नाव सोपानरावांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. ती अश्विनीची आई होती, नाहीतर नुसती 'अगं'. त्यांनी डोळे मिटले आणि जीव एकवटून हाक मारली, "सगुणा!" मग आवाज चिरकेपर्यंत तेच नाव घेत ते चौकभर पळाले.

घड्याळाच्या मनोऱ्यामागं एका पायरीवर ती बसलेली सापडली. रडून रडून डोळे सुजले होते. सोपानराव तिच्यापुढं मटकन खाली बसले.

"इतक्या हाका मारल्या. ओ का न्हाई दिलीस?"

"आवाज तुमचाच व्हता," ती म्हणाली. "पर मला वाटलं, दुसरीच कुनी बाई हरवलीय."