खुंटावरचं नाव

नदीकाठी सोनं गाळताना दरड कोसळून तिचा नवरा गेला, त्याला नऊच दिवस झाले होते. कंपनीचा मुकादम घोड्यावरूनच म्हणाला, “इथं ज्याच्या नावाचा खुंट, त्याची जमीन. तो गेला, आता जमीन कंपनीची. तंबू उचल!” तिनं नवऱ्याच्या नावाचा खुंट हलवून उपटला. “शहाणी आहेस,” मुकादम हसला. चाकूनं नाव खरवडताना डोळे भरून आले, पण हात थांबला नाही. मग कोरा खुंट मुकादमासोबतच्या कारकुनापुढे धरला. “दादा, मला लिहिता येत नाही. माझं नाव लिहा.” “खबरदार! नोकरी जाईल,” मुकादम गरजला. कारकुनानं तिची सोललेली बोटं पाहिली, कानामागची पेन्सिल काढली. “सांगा ताई.” वस्ती तिला अमक्याची बायको म्हणूनच ओळखायची. पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं तिनं नाव सांगितलं. त्यानं लिहिताच तिनं खुंट घोड्याच्या पुढ्यात ठोकला.