जिंकेल त्याचं मशीन

मारामारीच्या गेमचं ते जुनं मशीन साडूने आणि मी मिळून भंगारातून उचललं, आणि ते कुणाच्या घरी जाणार यावरून त्याच दिवशी आमची जुंपली. शेवटी सासूबाईंनी ते आपल्या गॅरेजात ठेवून घेतलं. म्हणाल्या, "आधी दुरुस्त करा, मग खेळा. जिंकेल त्याचं मशीन."

वायरिंग माझ्याकडे आलं, बटणं साडूकडे. महिनाभर आम्ही एकमेकांकडे पाठ करून खपलो.

"स्क्रू ड्रायव्हर धरायची अक्कल नाही, निघाले मशीन दुरुस्त करायला!" मी पुटपुटायचो.

"तुमच्या वायरिंगपेक्षा कोळ्याचं जाळं बरं हो, साडूबुवा."

सामन्याच्या दिवशी सकाळी मी हळूच साडूच्या बाजूच्या ठोशांच्या बटणांची काळी वायर कापली. आता त्याचा गडी पुढे-मागे फिरेल, पण मारणार काय, कप्पाळ! मी गालातल्या गालात हसत खेळायला उभा राहिलो.

घंटा झाली. मी दातओठ खाऊन बटणं बडवली, तर माझाच गडी ढिम्म! वर बटणांना नेलपॉलिशचा वास. ह्या नालायकाने बायकोची बाटली माझ्या बटणांच्या आतल्या पत्र्यांवर रिकामी केली होती, म्हणजे करंटच जाऊ नये. तो खदाखदा हसला, मग त्याने स्वतःची बटणं दाबली आणि त्याचंही तोंड पडलं. दोन्ही गडी वेळ संपेपर्यंत समोरासमोर नुसते डुलत राहिले.

 

सासूबाईंनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. "जावईबापूंनी एकमेकांवर हात उचलला नाही, असं आज पहिल्यांदाच पाहिलं. मशीन आता इथेच राहू दे!"